सभिक, पैज आणि हरणाऱ्याचा शब्द

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळातील सचोटी हा खेळाडूच्या स्वभावाचा भाग असल्याचे आज गृहीत धरले जाते. प्राचीन धर्मशास्त्रकारांनी मात्र तिची जबाबदारी प्रामुख्याने व्यवस्थेवर टाकली होती, आणि त्या व्यवस्थेचा साक्षेपाने परामर्श घेणारे भारतरत्न डॉ. पांडुरंग वामन काणे हे रत्नागिरी जिल्ह्याचे सुपुत्र होते. चिपळूण तालुक्यातील पेढे येथे 1880 मध्ये जन्मलेल्या काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 1946 साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात व्यवहारपदांचा, म्हणजे ज्या अठरा विषयांवरून राजाच्या न्यायसभेत दावा उभा राहू शकत असे त्यांचा, विचार केला असून मनूच्या यादीत त्यांतील अखेरचे पद द्यूत आणि समाह्वय यांचे आहे. फाशांसारख्या निर्जीव साधनांनी पण लावून खेळणे ते द्यूत आणि कोंबड्या-एडक्यांच्या झुंजीवर पैज लावणे तो समाह्वय, असा हा भेद आहे.

मनूने दोहोंवर सरसकट बंदी सांगितली. याज्ञवल्क्याने अधिक व्यवहारी मार्ग धरला: जुगार एकाच अधिकृत चालकाच्या, म्हणजे सभिकाच्या, देखरेखीखाली चालावा, कारण त्यामुळे चोरांचाही माग लागतो, असे त्याचे म्हणणे आहे. सभिकाने मोठ्या पणाच्या जिंकीवर शेकडा 5 आणि इतरांकडून शेकडा 10 घ्यावेत, राजाला ठरलेला भाग द्यावा, आणि या कमाईच्या मोबदल्यात हरणाऱ्याकडून रक्कम वसूल करून ती जिंकणाऱ्याच्या हाती ठेवावी. सभिकाच्या अड्ड्यावर, राजभाग भरून, उघडपणे खेळलेल्या डावाची जिंकलेली रक्कम राजाने मिळवून द्यावी, एरवी नाही. आणि खोटे फासे वापरणाऱ्याला डाग देऊन राज्याबाहेर घालवावे. कौटिल्याचा तर जुगाऱ्यांवर मुळीच विश्वास नव्हता, म्हणून फासे सरकारी अधिकाऱ्याने पुरवावेत आणि त्यांचे भाडे घ्यावे, असा त्याचा दंडक होता. माणसे लबाडी करणारच हे धरून चालणारी ही रचना नीतिपाठांपेक्षा अधिक शहाणपणाची होती, असे म्हणणे भाग आहे.

इंग्रजी अमलात याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका रत्नागिरीच्या न्यायालयांत वारसाहक्कापुरती जिवंत राहिली. तिच्यातील द्यूताचे प्रकरण मात्र निरुपयोगी झाले. मुंबई इलाख्याच्या 1865 च्या कायद्याने पैजेला हातभार लावणारे करार आणि पाठोपाठ 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 30 ने पैजेचा करार रद्दबातल ठरवला, आणि 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने अड्डा चालवणे हाच गुन्हा केला. त्याच कायद्याच्या कलम 13 ने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले खरे. पण करार कायद्याला कौशल्य आणि नशीब यांतला भेद ठाऊक नाही. परिणामी कौशल्याच्या खेळावर पैज लावणारा गुन्हेगार ठरला नाही, तरी जिंकलेल्या पैशाला हरणाऱ्याच्या शब्दापलीकडे कसलाही आधार उरला नाही.

याच काळात इंग्रज साहेबांच्या मेसमध्ये बिलियर्ड्सच्या टेबलावरचे पैशाचे खेळ रुजत होते. 'लाइफ पूल' नावाच्या प्रकारात प्रत्येकाला स्वतंत्र रंगाचा चेंडू आणि ठरावीक 'जीव' मिळत, आणि चेंडू खिशात गेला की जीव जाऊन ठरलेली रक्कम मोजावी लागे. अशाच प्रकारांच्या मिश्रणातून 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याने स्नूकर तयार केला. ज्या टेबलावर पंच नसतो तेथे आपला फाऊल आपणच सांगायचा, ही या खेळांतली रीत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद मिळवले ते हौशी गटातले. तोवर या खेळाची प्रतिष्ठेची बाजू पैजेपासून पुष्कळ दूर आली होती.

रत्नागिरीत याच जातीचा खेळ घरोघर पोचला तो कॅरमच्या रूपाने, आणि रियाझ अकबर अली, आकांक्षा कदम यांच्यासारखे येथील खेळाडू त्यात नावारूपाला आले. स्पर्धेत पंच असतो. आळीतल्या पाटावर, विशेषतः गणपतीत चाकरमानी गावी आल्यावर रंगणाऱ्या डावांत, तो नसतो. डोक्यावर लोंबता दिवा, बोरिक पावडरने गुळगुळीत झालेला पाट आणि चारही बाजूंनी वाकलेली डोकी अशा गर्दीत बाहीने एखादी सोंगटी केसभर हलली तर ते बहुधा ज्याची बाही त्यालाच कळते. राणी घेतल्यावर तिला कव्हर देताना दोन सोंगट्या चिकटल्या होत्या की नव्हत्या, यावरून होणारी भांडणे तर सर्वांच्या परिचयाची आहेत.

याहून अवघड लबाडी म्हणजे स्वतःचा खेळ लपवणे: पहिले दोन डाव मुद्दाम हरून पैज वाढवायची आणि मग हात मोकळा सोडायचा. खोट्या फाशांसाठी स्मृतीत शिक्षा सापडते; पण येथे साधन खरे आणि फटकाही खराच असल्याने पकडायचे काय, हा प्रश्न राहतो. त्यावर खेळाडूंनीच काढलेला तोडगा म्हणजे सूट: वरचढ खेळाडूने दुबळ्याला आरंभीच ठरावीक गुण द्यायचे, म्हणजे तफावत खेळापूर्वी सर्वांसमोर उघड होते. ही सूट मागायला न लाजणे आणि द्यायला कां-कूं न करणे, यात खिलाडूवृत्तीचा मोठा भाग येतो.

आजच्या पूल पार्लरमध्ये टेबलाचे भाडे वेळेनुसार आकारले जाते आणि पुष्कळदा ते हरणाऱ्याने द्यायचे असते. मालक भाडे घेतो, पैजेशी त्याचा संबंध नसतो, आणि तसा संबंध असणे त्याच्या हिताचेही नाही. कारण रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा देणाऱ्या 1968 च्या के. सत्यनारायण खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने पैजेच्या खेळातून जागेच्या मालकाने नफा मिळवल्यास गुन्हा शाबीत होऊ शकतो, असेही म्हटले. ज्या टक्केवारीच्या बदल्यात सभिक जिंकणाऱ्याच्या पैशाची हमी घेई, तीच आज चालकाला आरोपी करू शकते. आणि मित्राने बुडवलेल्या पैजेच्या रकमेसाठी रत्नागिरीच्या दिवाणी न्यायालयात दावा लावता येत नाही.