परत मिळणारा पैसा

माझा भाचा गेल्या वर्षी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. पहिल्याच महिन्यात त्याने मला विचारले, "मामा, इथे विद्यार्थ्यांनाही क्रेडिट कार्ड देतात, आणि खरेदीवर थोडे पैसे परत करतात. कोणते घेऊ?" सरकारी दप्तरात दुसऱ्यांच्या खर्चाची बिले तपासण्यात वीस वर्षे घालविलेल्या माणसाला प्रथम सुचले ते हे, की हे पैसे परत येतात ते कोणाच्या खिशातून? त्याचा माग काढता काढता मी १८४४ सालापर्यंत जाऊन पोहोचलो.

त्या वर्षीच्या डिसेंबरात इंग्लंडातील रॉचडेल गावी काही विणकरांनी व कारागिरांनी २८ पौंडांचे भांडवल जमवून टोड लेन या गल्लीत एक दुकान उघडले. माल म्हणजे लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या, इतकाच. मजुराला उधारीने बांधून ठेवणारे दुकानदार त्यांच्या चांगलेच परिचयाचे होते. म्हणून माल रोखीनेच द्यावयाचा, असा त्यांनी नियम केला. नफा उरला म्हणजे ज्याची जेवढी खरेदी, त्या प्रमाणात तो त्याला परत मिळे. आपल्या सहकारी ग्राहक भांडारांतील खरेदीवरचा परतावा याच वंशातला. म्हणजे परत मिळणाऱ्या पैशाचा हा गाजलेला प्रयोग उधारी टाळणाऱ्यांसाठी होता, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

पुढे अमेरिकेत चाक उलटे फिरले. १९५० साली डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. जेवणाचे बिल क्लब भरी, उपाहारगृहाकडून ७ टक्के कापून घेई आणि ग्राहकाकडून महिनाअखेर वसुली करी. १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे टपालाने घरोघर पाठविली. ती कोणी मागितली नव्हती! असे न मागता कार्ड पाठविण्यास १९७० मध्ये कायद्याने बंदी झाली. धंदा मात्र वाढतच गेला, कारण त्याला मिळकतीच्या दोन वाटा होत्या: दुकानदाराकडून कापलेली दलाली आणि थकलेल्या रकमेवरचे व्याज.

या मिळकतीतला लहानसा तुकडा ग्राहकाच्या हाती ठेवण्याची युक्ती लोकप्रिय केली ती सीअर्स या दुकानांच्या मोठ्या साखळीने. १९८५ मध्ये तिने डिस्कव्हर नावाचे कार्ड काढले. वार्षिक वर्गणी नाही, उलट खरेदीवर १ टक्क्यापर्यंत रोख परतावा. रॉचडेलचा लाभांशच जणू पुन्हा अवतरला, पण आता तो उधारीच्या दारातून आला. शिवाय दुकानदार दलाली किमतीत मिसळतो. त्यामुळे कार्ड नसलेला, रोख मोजणारा गरीब ग्राहकही या परताव्याला हातभार लावीत असतो. रॉचडेलच्या विणकरांना हे खचितच रुचले नसते.

विद्यार्थी हे या व्यापाऱ्यांचे आवडते गिऱ्हाईक. महाविद्यालयांच्या आवारात मेजे मांडून, फुकट सदरे वाटून अर्ज भरून घेतले जात. मिळकत नसलेली मुले कर्जात रुतू लागली, तेव्हा २००९ च्या कायद्याने २१ वर्षांखालील अर्जदाराने स्वतःची फेडीची ऐपत दाखवावी किंवा जामीन द्यावा, असे ठरविले. आवारात भेटवस्तू वाटून अर्ज घेणेही बंद झाले. कायद्याला एवढे करावे लागले, यावरून त्या सदऱ्यांची खरी किंमत कळते.

भाच्यासमोर मी साधा हिशेब मांडला. १०० डॉलरच्या खरेदीवर परतावा १ डॉलर. व्याज वर्षाला २४ टक्के धरले, तर तीच रक्कम एक महिना थकली की २ डॉलर गेले. शिवाय बाकी राहिली की बहुधा नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणून परताव्याच्या टक्क्यांआधी वर्गणी पाहावी, व्याजाचा दर पाहावा. दर तिमाहीस बदलणाऱ्या प्रकारांवर ५ टक्के देऊ करणारे कार्ड आकर्षक खरे, पण त्याला मर्यादा असते आणि नोंदणी विसरली की ते हातचे जाते. सर्व खरेदीवर एकच दर देणारे बिनवर्गणीचे कार्ड विद्यार्थ्याला बरे. परतावा किती रक्कम साठल्यावर हाती पडतो, हेही विचारून घ्यावे.

त्याने तसेच कार्ड घेतले आणि दरमहा पूर्ण बिल बँकेतून आपोआप भरण्याची सोय केली. पहिल्या तिमाहीअखेर ९ डॉलर परत आले. त्यांची त्याने तांदळाची पिशवी आणली, असे त्याच्या आईला कळविले. मला कळविले नाही.