ताणलेल्या तारेची साक्ष

लांब व अरुंद नळांतून पाणी कष्टानें वाहतें. तारेंतून वाहणाऱ्या विजेचाही प्रकार तसाच आहे. तार ताणली म्हणजे ती लांबते आणि बारीकही होते. या दोन्ही कारणांनीं विजेला होणारा रोध वाढतो. आकारमान कायम राहून तारेची लांबी दुप्पट झाली, तर तिचा छेद निम्मा होतो व रोध चौपट होतो.

हें गणित खरें. पण तेवढ्यानें सारा उलगडा होत नाहीं. पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें विख्यात झालेले ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन यांनीं लोखंडाची व तांब्याची तार सारखीच ताणून पाहिली. लोखंडाचा रोध अधिक वाढला. आकारांतील फरक जवळजवळ सारखा असतां असें व्हावें, याचा अर्थ ताणानें धातूचा अंगचा गुणही पालटतो. इ. स. १८५६ मध्यें रॉयल सोसायटीपुढील बेकर व्याख्यानांत त्यांनीं हा शोध मांडला.

हा फरक फार सूक्ष्म असतो. मोजमापाच्या कामीं पुढें रूढ झालेल्या तांबें व निकेल यांच्या मिश्रधातूची १२० ओहम रोधाची तार हजारांत एक भाग लांबली, तर रोध सुमारें पाव ओहमच वाढतो. त्यामुळें सुमारें ऐंशी वर्षें या शोधाचा व्यवहारांत फारसा उपयोग झाला नाहीं.

इ. स. १९३८ च्या सुमारास अमेरिकेंत दोघांनीं स्वतंत्रपणें त्याला कामास लाविलें. कॅलिफोर्नियांत एडवर्ड सिमन्स धातूंवरील आघात मोजीत होते. मॅसॅच्युसेट्समध्यें आर्थर रूज हे भूकंपानें पाण्याच्या उंच टाक्यांवर पडणारा ताण प्रतिकृतींवर अभ्यासीत होते. हलक्या प्रतिकृतीवर जड उपकरण बसविलें, तर तिचें वर्तनच बदलतें. रूज यांनीं केंसासारखी बारीक तार पातळ कागदावर डकवून तो कागद टाकीला चिकटविला. टाकी ताणली कीं तार ताणे, आणि रोधांतील वाढ ताणाचें माप सांगे. या युक्तीला व्यापारी महत्त्व फारसें येणार नाहीं, असें समजून रूज यांच्या संस्थेनें पेटंटाचा हक्क त्यांनाच देऊन टाकला!

आज तारेची जागा बहुधा धातूच्या पातळ वर्खानें घेतली आहे. विमानांचे पंख व पुलांच्या तुळया त्यानेंच पारखल्या जातात. वाण्याच्या दुकानांतील विजेच्या तराजूंतही पुष्कळदां धातूची एक पट्टी ओझ्यानें किंचित् वांकते, तिला चिकटलेला वर्ख ताणला जातो, आणि त्या वाढलेल्या रोधावरूनच गिऱ्हाइकाला धान्याचें वजन कळतें.