मळी आणि मोटार

साखर-कारखान्यांत उंसाच्या रसांतून काढतां येईल तितकी साखर काढून घेतल्यावर जो काळसर, चिकट व उग्र वासाचा द्रव मागें राहतो, त्यास मळी म्हणतात. तिच्यांत वजनानें जवळजवळ निम्मी साखर असते. पण ती कणांच्या रूपानें वेगळी होत नाहीं. १९३२ मध्यें हिंदुस्थान सरकारनें देशी साखरधंद्यास संरक्षण दिलें, आणि तीसबत्तीस कारखान्यांचे पांचएक वर्षांत सव्वाशेंहून अधिक झाले. साखर खपली, पण मळीचें काय करावयाचें? ती खड्ड्यांत सांठे, नदीनाल्यांत सोडली जाई, आणि आसपासचीं गांवें दुर्गंधीनें हैराण होत.

वास्तविक उपाय ठाऊक होता. मळींत पाणी व किण्व घालून ती आंबविली कीं तिच्यांतील साखरेचा मद्यार्क होतो. एका टनास सुमारें सव्वादोनशें लिटर. खरी अडचण त्यापुढें. साध्या ऊर्ध्वपातनानें मद्यार्क शेंकडा साडेपंचाण्णवच्या पलीकडे फारसा शुद्ध होत नाहीं. शेवटचें पाणी कांहीं केल्या सुटत नाहीं. असा ओला मद्यार्क थोड्या प्रमाणांत पेट्रोलमध्यें घातला, तर दोहोंचे थर निराळे पडतात व इंजिन अडतें. १९०२ मध्यें सिडने यंग या इंग्रज रसायनज्ञानें बेंझीनच्या मदतीनें हें उरलेलें पाणी काढण्याची युक्ति दाखविली. मोटारीच्या टांकीकडे जाण्याचा मार्ग तेव्हांपासून मोकळा होता.

तरी त्या मार्गानें जाण्यास आपणांस उशीर लागला.  १९३८ मध्यें संयुक्त प्रांत व बिहार यांच्या समितीनें या प्रश्नाची चौकशी केली; संयुक्त प्रांतानें १९४० मध्यें कायदाही केला. इकडे मुंबई शहरांत १९३९ मध्येंच दारूबंदी पुकारलेली; तेथें मद्यार्काचीं पिंपें मोटारींकरितां म्हणून रस्त्यानें नेतांना अबकारी अंमलदारांस काय वाटलें असतें, याचा तर्क श्रोत्यांनींच करावा! पुढें युद्ध पेटलें, १९४१ मध्यें पेट्रोलचें नियंत्रण आलें, आणि पाठीमागें कोळशाची भट्टी बांधलेल्या मोटारी धुरकटत चालूं लागल्या. चौकशीसमित्यांना जें पटवितां आलें नाहीं, तें या धुरानें पटविलें असावें. कारण १९४८ मध्यें मध्यवर्ती सरकारनें अखिल भारतासाठीं इंधन-मद्यार्काचा कायदा केला.

कायदा झाला, परंतु तेल स्वस्त झालें, आणि मद्यार्कास रासायनिक कारखान्यांचें मोठें गिऱ्हाईक मिळालें. पन्नास वर्षें तो कायदा दप्तरांत पडून राहिला व २००० मध्यें रद्द झाला. गंमत अशी कीं लगेच २००१ मध्यें आपल्या मिरज व मनमाड येथें, आणि उत्तरेस बरेलीस, पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळण्याचा नवा प्रयोग सुरू झाला! २०२२ मध्यें मिश्रणाचें प्रमाण शेंकडा दहावर आणि २०२५ मध्यें वीसवर गेलें. १९ मे २०२३ रोजीं पुण्याहून दिल्लीस गेलेल्या एका प्रवासी विमानाच्या इंधनांत उंसापासून केलेल्या तेलाचा थोडासा अंश होता. फार तर शेंकडा एक.

परंतु एवढें मद्यार्क केवळ टाकाऊ मळींतून निघणें शक्य नव्हतें. २०१८ पासून साखर पुरती न काढतांच राहिलेली सकस मळी, इतकेंच नव्हे तर प्रत्यक्ष उंसाचा रसही भट्टीकडे वळविण्यास उत्तेजन मिळालें. ज्या पदार्थाची विल्हेवाट लावणें हा प्रश्न होता, त्याच्या जागीं खाण्याचा पदार्थ आला, हा फरक मला किरकोळ वाटत नाहीं. २०२३ मध्यें पावसानें ओढ दिली. साखर कमी पडेल या धास्तीनें डिसेंबरांत सरकारनें रस वळविण्यावर बंधन घातलें. मग मद्यार्काच्या भट्ट्या मक्याकडे वळल्या, आणि मक्याच्या वाढत्या भावाबद्दल कोंबड्या पाळणाऱ्यांची तक्रार सुरू झाली.