जपलेली टर्बो गाडी आणि तिची साक्ष

जुन्या मोटारींच्या युरोपांतील विक्रीपत्रकांत एका ठराविक घाटाचा मजकूर वारंवार दृष्टीस पडतो. पोर्शे ९११ टर्बो, साल १९७६, मूळ रंग, मूळ एंजिन, मालक दोनच, फार थोडी चाललेली, सर्व कागदपत्रांसह. खालीं मागितलेली किंमत पाहून सामान्य गृहस्थ पत्रक मिटून ठेवतो, आणि तें योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें तें इतक्या लौकर मिटूं नये असें आम्हांस वाटतें. असलें पत्रक म्हणजे एका यंत्राची बखरच होय. बखरकार ज्याप्रमाणें आपल्या धन्याचे पराक्रम विस्तारानें सांगतो व पराभव दोन ओळींत आटोपतो, त्याचप्रमाणें विकणारा गाडीची झळाळी सांगतो व गंजाविषयीं मौन धरतो. कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढून बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीस लाविलें. तीच कसोटी येथेंहि लावून पाहण्याजोगी आहे.

त्यापूर्वीं टर्बो म्हणजे काय हें सांगणें अवश्य आहे. एंजिनांत पेट्रोल जळतें तें हवेच्या योगानें. हवा जितकी अधिक कोंबावी तितकें इंधन अधिक जाळतां येतें व शक्ति वाढते. जळून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत बरीच ऊर्जा शिल्लक असते, आणि एरवीं ती फुकट जाते. त्या वायूनें एक लहानशी चक्री फिरवावयाची व त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चक्रीनें बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरावयाची, एवढीच ही युक्ति. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. तिचा पहिला खरा उपयोग मात्र मोटारीकरितां झाला नाहीं. उंचीवर हवा विरळ होते व विमानाचें एंजिन धापा टाकूं लागतें. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें १९१८ सालीं एक विमानी एंजिन कोलोरॅडोंतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर चढवून तेथें टर्बोची परीक्षा केली. पुढें जहाजांच्या डिझेल एंजिनांनींहि ही युक्ति उचलली. सामान्य माणसाच्या मोटारींत ती यावयास १९६२ साल उजाडलें.

त्या सालीं अमेरिकेंत शेव्हरोलेनें व ओल्ड्समोबिलनें टर्बोच्या गाड्या बाजारांत आणल्या. पैकीं ओल्ड्समोबिलच्या 'जेटफायर'ची हकीकत आमच्या विषयास फार उपयोगी आहे. दाबलेल्या हवेनें एंजिनांत अवेळीं स्फोट होऊं नयेत म्हणून तींत पाणी व मेथॅनॉल यांच्या मिश्रणाची एक निराळी टांकी ठेविली होती. मालकानें ती वरचेवर भरावी अशी कारखान्याची अपेक्षा होती. मालक विसरले. टांकी रिकामी झाली कीं टर्बोचा दाब कमी करणारी योजना गाडींत होती. पण मग विकत घेतलेली शक्ति गेली कोठें, अशी त्यांची तक्रार सुरू झाली. शेवटीं कित्येक गाड्यांतून टर्बो काढून त्यांना साधें कार्बुरेटर बसविण्यांत आलें. दोन वर्षांत हें प्रकरण संपलें. आज जी एखादी जेटफायर टर्बोसकट विक्रीस येते ती अपवादभूत मालकाची गाडी असते. तिच्यावरून त्या काळच्या मालकांविषयीं अनुमान काढूं जाणें म्हणजे एका जपून ठेविलेल्या पोथीवरून सारा गांव साक्षर होता असें म्हणण्यासारखें आहे!

युरोपांत बी.एम.डब्ल्यू.नें १९७३ च्या सप्टेंबरांत '२००२ टर्बो' दाखविली. तिच्या पुढच्या पट्टीवर 'टर्बो' हीं अक्षरें उलटीं लिहिलेलीं होतीं; हेतु हा कीं, पुढच्या गाडीवाल्यास तीं आपल्या आरशांत सुलटीं दिसावीं व त्यानें वाट द्यावी. जर्मनींतच या उद्धटपणावर टीका झाली. त्यांतच ऑक्टोबरमध्यें अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली, आणि अवघ्या १,६७२ गाड्या होऊन ती मालिका बंद पडली.

अशा प्रतिकूल वेळीं, १९७४ च्या ऑक्टोबरांत, पोर्शेनें आपली ९११ टर्बो पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडली. या धाडसामागें शर्यतीचा अनुभव होता. १९७३ च्या कॅन-अॅम शर्यतींत मार्क डोनह्यू यानें चालविलेल्या पोर्शेच्या टर्बो एंजिनानें हजारावर अश्वशक्तीचा पल्ला गांठला होता. रस्त्यावरच्या गाडींत तीन लिटरांचें एंजिन व २६० अश्वशक्ति होती, आणि एंजिन होतें मागच्या चाकांच्याहि मागें. येथेंच या गाडीची कीर्ति व अपकीर्ति दोन्ही सांठविल्या आहेत. पायपट्टी दाबली तरी प्रथम कांहींच होत नसे, कारण चक्रीला वेग यावयास क्षण लागत. मग दाब एकाएकीं चढे व गाडी उसळी घेई. नवखा चालक वळणावर असतांना ती उसळी आली, आणि घाबरून त्यानें पाय उचलला, कीं मागचें जड अंग बाहेर फेंकलें जाऊन गाडी स्वतःभोंवती फिरे. इंग्रजींत तिला विधवा करणारी गाडी असें नांव पडलें तें यामुळें. १९७८ च्या गाडींत एंजिन ३.३ लिटरांचें झालें, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आला व शक्ति ३०० अश्वशक्तीवर गेली. तरी गिअर चारच राहिले. पांचवा गिअर मिळाला तो १९८९ सालीं, म्हणजे ही मालिका संपतांना.

आतां विक्रीपत्रकाकडे वळूं. तीन लिटरांच्या पहिल्या गाड्या १९७७ पर्यंतच निघाल्या व त्या तीन हजारांहूनहि कमी होत्या. पुष्कळ मालकांनीं आपल्या गाड्यांत फेरफार केले. कोणी नंतरचा इंटरकूलर बसविला, कोणी दाब वाढविला, कोणी धुराची नळी बदलली. तीं माणसें वेडीं नव्हतीं. गाडी हांकण्यासाठीं घेतली होती व तिचा दोष त्यांना जाणवत होता. आज तेच फेरफार काढून गाडी पुनः 'मूळ' केली जाते, आणि दोषासकट गाडीला दोषमुक्त गाडीहून मोल अधिक येतें. यांत आम्ही हंसण्यासारखें कांहीं पाहत नाहीं. जुन्या पत्रांतील अशुद्ध शब्द संपादकानें सुधारला तर पत्र बिघडतें, हें आपण मानतोंच. प्रश्न एवढाच कीं, एकदां सुधारलेलें व मग पुनः मुद्दाम अशुद्ध केलें गेलेलें पत्र अस्सल म्हणावें कीं नक्कल? विक्रीपत्रक या प्रश्नास शिवत नाहीं.

'फार थोडी चाललेली' या शब्दांवर तर आमचा मुळींच विश्वास नाहीं. न चालविलेल्या यंत्रांतील रबर कडक होतें, तेल अडविणाऱ्या कड्या सुकतात, पेट्रोलच्या बारीक वाटा चिकटून बसतात. ज्या गाडीची दर वर्षीं थोडी तरी दौड झाली, तेल वेळेवर बदललें गेलें, व त्याचीं बिलें मळकट बोटांच्या ठशांसह जुडग्यांत आहेत, ती गाडी आमच्या मतें अधिक जपलेली. एंजिनावरील ठोकलेला क्रमांक कारखान्याच्या दफ्तराशीं पडताळतां येतो, तो पडताळावाच. १९७६ सालच्या गाड्यांपासून पत्र्याला जस्ताचा थर देण्यांत येऊं लागला, तेव्हां त्यापूर्वींच्या गाडीवर गंजाचा डाग कोठेंच नसेल तर आनंद मानण्याआधीं नवा पत्रा कधीं बसला तें विचारावें.

एक खूण मात्र कागदांत सांपडत नाहीं. टर्बोची चक्री मिनिटाला हजारों फेरे घेते व लाल होण्याइतकी तापते. तिच्या दांड्याला थंडावा देतें तें एंजिनाचें तेल. वेगानें येऊन तत्काळ एंजिन बंद केलें तर तेथेंच थबकलेलें तेल जळून कोळसा होतें, व असें वर्षानुवर्षें झालें कीं दांडा झिजतो. म्हणून जाणतें गिऱ्हाईक गाडीची फेरी मारून परतल्यावर कांहीं बोलत नाहीं. चावी विकणाऱ्याच्या हातीं देऊन तो ती केव्हां फिरवितो एवढेंच पाहतें. त्यानें एंजिन एकदोन मिनिटें संथ चालूं दिलें, तर मग बिलांचा जुडगा सोडून वाचावयास बसावें.