बडोदे संस्थानाचे उद्योगधोरण आणि लोकभाषेतील तंत्रशिक्षण

एखाद्या राज्याने आपल्या प्रजेच्या उद्योगशीलतेस उत्तेजन द्यावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर नियोजनाबरोबर प्रथमच उद्भवला असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुस्थिती तशी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत काही देशी संस्थानांनी या प्रश्नास आपापल्या परीने हात घातला होता. त्यांपैकी बडोद्याचे उदाहरण विशेष अभ्यसनीय आहे. तेथे एकाच राजवटीत परस्परांहून भिन्न अशा अनेक मार्गांचा अवलंब झाला, आणि त्या मार्गांचे बरेवाईट परिणाम शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. शिवाय या प्रयत्नांतील एका महत्त्वाच्या अंगाचा, म्हणजे उद्योगाचे ज्ञान कोणत्या भाषेत द्यावे याचा, विचार आर्थिक इतिहासाच्या ग्रंथांत ओझरताच आढळतो. प्रस्तुत लेखात त्या अंगावर भर दिला आहे.

१. साधनांची मर्यादा

सयाजीराव गायकवाड (१८६३-१९३९) हे १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसले आणि १८८१ साली त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार प्राप्त झाले. मधल्या काळात दिवाण सर टी. माधवराव यांनी विस्कटलेल्या कारभाराची घडी बसविली होती. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे आठ हजार चौरस मैल होते. पण हा मुलूख सलग नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत गुजरातेत व काठेवाडात विखुरलेले असून मधूनमधून ब्रिटिश हद्द व इतर संस्थाने पसरलेली होती. अशा राज्यास स्वतःची बाजारपेठ संरक्षक जकातीने राखता येणे शक्य नव्हते. चलनावरील उरलासुरला हक्कही फार काळ टिकला नाही. जुना बाबाशाही रुपया १९०१ साली जाऊन त्याच्या जागी ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया आला. त्याच सुमारास निसर्गानेही घाला घातला. गुजरातेत 'छप्पनियो' या नावाने स्मरणात राहिलेल्या १८९९-१९०० च्या दुष्काळाने संस्थानाची लोकसंख्या घटली. १८९१ च्या शिरगणतीत ती सुमारे २४ लक्ष १५ हजार होती. १९०१ साली ती सुमारे १९ लक्ष ५२ हजारांवर आली.

सारांश, स्वतंत्र राष्ट्राच्या सरकारपाशी उद्योगवाढीची जी ठळक साधने असतात ती बडोद्याच्या सरकारपाशी नव्हती. हाती उरत होते ते कायदा, शिक्षण, भांडवल, जमीन आणि शिष्यवृत्ती एवढेच. बडोद्याच्या प्रयोगाचा इतिहास हा या पाच साधनांच्या उपयोगाचा इतिहास आहे.

२. सरकारी कारखान्यांचा अनुभव

प्रारंभी संस्थानाने सर्वांत सरळ वाटणारा मार्ग पत्करला. खाजगी भांडवल पुढे येत नाही, तर सरकारनेच कारखाना काढून दाखवावा, असा तो विचार होता. त्यानुसार बडोदे शहरात सरकारी खर्चाने सुताची व कापडाची गिरणी उभी राहिली आणि दक्षिणेकडील गणदेवी येथे साखरेचा कारखाना काढण्यात आला. गणदेवीचा कारखाना चालला नाही आणि तो बंद करावा लागला. गिरणी तगली, परंतु पुढे ती खाजगी मालकीकडे सोपविण्यात आली.

या अनुभवाचे मूल्यमापन करताना केवळ नफातोट्याचा हिशेब पुरेसा होत नाही. यंत्रे विलायतेहून आणता येतात; ती चालविणारा, बिघडली असता दुरुस्त करणारा आणि स्थानिक कच्च्या मालाला अनुरूप असा त्यांत फेरफार करणारा मनुष्य आयात करणे महाग पडते. असा मनुष्य राज्यात तयार होत नाही तोवर कारखाना हे राजाश्रयावर जगणारे बांडगूळच राहणार, हे या दोन प्रयोगांवरून ध्यानी येते. पुढील काळातील धोरणाचा कल कारखाने काढण्याकडून कारागीर व कारखानदार घडविण्याकडे वळलेला दिसतो.

३. कलाभवन

या दिशेचे सर्वांत महत्त्वाचे पाऊल म्हणजे १८९० साली स्थापन झालेले कलाभवन होय. त्याचे प्रवर्तक प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३-१९२०) हे महाराजांचे समवयस्क. सुरतेच्या सुतार कुळात त्यांचा जन्म झाला आणि बडोदे कॉलेजात ते रसायनशास्त्राचे अध्यापक होते. 'गज्जर' हे आडनाव 'गजधर', म्हणजे मापाचा गज धारण करणारा, या शब्दाशी जोडले जाते. हातातील गज आणि प्रयोगशाळेतील तराजू यांची अशी सांगड एका व्यक्तीच्या ठायी पडावी, हा योग कलाभवनाच्या स्वरूपास फार पोषक ठरला.

संस्थेच्या नावातील 'कला' हा शब्द आज आपण ज्या मर्यादित अर्थाने वापरतो त्या अर्थी योजिलेला नाही. चौसष्ट कलांच्या गणनेत सुतारकाम, रंगकाम, धातुकाम यांचा समावेश होतो. तो जुना व्यापक अर्थच येथे अभिप्रेत आहे. गुजराती लोकव्यवहारात याच अर्थी 'हुन्नर' हा फारसी शब्द रूढ होता. कवी दलपतराम यांनी १८५१ साली 'हुन्नरखाननी चढाई' हे काव्य रचून परदेशी यंत्रोद्योगाच्या आक्रमणाचा इशारा दिला होता. चाळीस वर्षांनी त्याच प्रदेशात त्या आक्रमणास उत्तर म्हणून एक शिक्षणसंस्था निघावी, यात विचारांचे सातत्य दिसते.

कलाभवनात रेखन, सुतारकाम, यंत्रशास्त्र, कापड रंगविणे व छापणे इत्यादी विषय शिकविले जात. रंगकामाच्या शाखेस विशेष महत्त्व होते, आणि त्याचे कारण उघड आहे. जर्मनीतील कृत्रिम रंगांनी नीळ, मंजिष्ठ यांसारख्या देशी रंगद्रव्यांचा बाजार उठविण्यास आरंभ केला होता. सुरत, अहमदाबाद आणि बडोदे येथील रंगारी या नव्या द्रव्यांपुढे गोंधळून गेले होते. कोणत्या सुतास कोणता रंग धरतो, त्यास कोणता लाग द्यावा, किती उष्णता सोसते, हे वंशपरंपरेच्या अनुभवातून कळण्याजोगे नव्हते. गज्जरांनी जर्मन रंगोत्पादकांशी संबंध जोडून ही माहिती मिळविली आणि ती रंगाऱ्यांच्या भाषेत उतरविण्याचा उद्योग आरंभिला. नव्या विद्येने जुन्या धंद्यास मारण्याऐवजी तारावे, ही त्यामागील दृष्टी होती.

४. भाषेचा प्रश्न

गज्जरांच्या योजनेचा गाभा शिक्षणाच्या माध्यमात होता. प्रारंभीच्या कलाभवनात शिक्षण गुजरातीतून दिले जाई आणि इंग्रजी न जाणणाऱ्या विद्यार्थ्यासही प्रवेश मिळे. त्या काळच्या परिस्थितीत हा निर्णय क्रांतिकारकच म्हणावा लागेल. सुताराचा, लोहाराचा अगर रंगाऱ्याचा मुलगा मॅट्रिकपर्यंत पोचण्याची शक्यता अल्प होती. आणि जो पोचे तो हातात करवत धरण्याऐवजी कचेरीतील कारकुनीकडे वळे. इंग्रजीची अट घातली असती तर ज्यांच्या हातांत कौशल्य होते नेमके तेच दाराबाहेर राहिले असते.

माध्यम स्वीकारले की ग्रंथ हवेत आणि ग्रंथ लिहावयाचे तर परिभाषा हवी. या गरजेतून 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही शास्त्रीय व औद्योगिक विषयांवरील गुजराती ग्रंथांची माला संस्थानाच्या आश्रयाने निघाली. शास्त्रीय संज्ञांचा बहुभाषी कोश तयार करण्याची कल्पनाही गज्जरांनी मांडली होती. परिभाषानिर्मितीत दोन प्रवृत्तींचा झगडा नेहमी असतो. एक प्रवृत्ती संस्कृत धातूंपासून नवे शब्द घडविते. ते शब्द निरनिराळ्या प्रांतांत समान राहतात, पण कारागिरास परके वाटतात. दुसरी प्रवृत्ती कारखान्यातील रूढ शब्द उचलते. रंधा, पटाशी, सांधा, लाग हे शब्द कारागिराच्या जिभेवर असतात, पण गावोगाव बदलतात. ग्रंथाची भाषा आणि हत्याराची भाषा यांत सेतू बांधल्यावाचून लोकभाषेतील तंत्रशिक्षण उभे राहत नाही. आणि तो सेतू बांधण्यास एका पिढीहून अधिक काळ लागतो.

तेवढा अवधी बडोद्यात मिळाला नाही. १८९६ च्या सुमारास गज्जर बडोदे सोडून मुंबईस गेले. डांबर फासल्याने विद्रूप झालेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा स्वच्छ करून त्यांनी तेथे मोठा लौकिक मिळविला आणि स्वतःची रासायनिक प्रयोगशाळा काढली. कलाभवन चालू राहिले, वाढलेही. परंतु वरच्या अभ्यासक्रमांत इंग्रजीचा वरचष्मा होत गेला. याउलट राज्यकारभाराच्या क्षेत्रात संस्थानाने परिभाषेचे काम तडीस नेले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' या कोशात इंग्रजी प्रशासकीय संज्ञांचे पर्याय गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली या भाषांत दिले आहेत. उद्योगाच्या वाट्यास मात्र या तोडीचा कोश आला नाही. कचेरीची भाषा सिद्ध झाली, कारखान्याची अर्धवट राहिली. या तफावतीचे कारण शोधू गेल्यास असे दिसते की, शासनाच्या भाषेमागे शासनाची नित्याची गरज उभी होती. कारागिराच्या भाषेमागे एका अध्यापकाची तळमळ होती, आणि तो अध्यापक निघून गेला.

५. विद्येपासून व्यवसायाकडे

असे असले तरी कलाभवनाने आणि गज्जरांच्या शिष्यपरंपरेने जे बीज पेरले त्याचे पीक आले. १९०७ साली गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नाने 'अलेम्बिक' ही रासायनिक कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना बडोद्यात नांदू लागला. ऊर्ध्वपातनाच्या पात्राचे हे नाव मुळात ग्रीक असून अरबी रसायनशास्त्रज्ञांच्या मार्फत युरोपात गेलेले आहे. अल्कोहोल व औषधी अर्क काढणाऱ्या कारखान्यास ते शोभून दिसते. कलाभवनाचा आणखी एक विद्यार्थी महाराष्ट्रास सुपरिचित आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांनी छायाचित्रणादी कलांचे पाठ येथे गिरविले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट निर्माण केला. चित्रपटाचा धंदा निघावा असा हेतू कलाभवनाच्या कोणत्याही योजनेत असणे शक्य नव्हते. १८९० साली चित्रपटच अस्तित्वात नव्हता. ज्ञानाच्या पायावर केलेला खर्च अनपेक्षित ठिकाणी फळतो, तो असा.

विद्येस भांडवलाची जोड हवी होती. बडोद्यात सावकारी पेढ्यांची परंपरा जुनी होती. हरिभक्तीसारख्या पेढ्यांनी गायकवाडांच्या सरकारास वसुलाच्या तारणावर रकमा पुरविल्या होत्या. पण तो पैसा मुख्यतः फौजेच्या व दरबारच्या खर्चात जिरत असे. तोच व्यापारउदिमाकडे वळविण्यासाठी वेगळ्या प्रकारची संस्था आवश्यक होती. संस्थानच्या १८९७ च्या कंपनी कायद्यान्वये २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. तिच्या उभारणीत संपतराव गायकवाड, विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास आणि अमेरिकन सल्लागार राल्फ व्हाइटनॅक यांचा भाग होता. राजाने पाठबळ द्यावे, पण व्यवहार व्यापाराच्या नियमाने व्हावा, ही मर्यादा प्रारंभापासून पाळली गेली. १९१३ ते १९१७ या काळात हिंदुस्थानातील ८७ बँका बुडाल्या, त्या वादळात ही बँक टिकून राहिली. गणदेवीच्या कारखान्याशी तिची तुलना केली असता शासनाच्या दोन भूमिकांमधील भेद स्पष्ट होतो.

पुढील काळात ओखामंडळाच्या उजाड किनाऱ्याकडे संस्थानाचे लक्ष गेले. १९२६ साली ओखा बंदर सुरू झाले. १९२७ साली कपिलराम वकील यांनी तेथे मिठागरे काढली, आणि त्याच उद्योगाच्या पायावर १९३९ साली मिठापूर येथे टाटा केमिकल्सचा प्रारंभ झाला. जमीन, बंदर आणि सवलती शासनाने द्याव्यात, जोखीम उद्योजकाने घ्यावी, ही येथील वाटणी होती. पुढे भारतातील राज्यांनी औद्योगिक वसाहतींच्या द्वारे जे धोरण अवलंबिले त्याचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

६. धोरणाची सीमा

या सर्व उपक्रमांमागे व्यापक लोकशिक्षणाचा आधार होता, हे विसरता येत नाही. १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू करण्यात आला. १९१० साली अमेरिकेहून आलेले डब्ल्यू. ए. बॉर्डन यांच्या देखरेखीखाली गावोगाव ग्रंथालये निघाली. हुशार विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्यात आले.

परंतु याच शिष्यवृत्त्यांच्या इतिहासात या धोरणाची सीमाही दिसून येते. १९१३ साली संस्थानच्या खर्चाने भीमराव रामजी आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या अध्ययनास गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा करार होता. १९१७ साली ते नोकरीवर रुजू झाले, तेव्हा बडोदे शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. कचेरीतही अस्पृश्यतेचा जाच चुकला नाही, आणि त्यांना शहर सोडावे लागले. प्रांतिक अर्थकारणावरील आपला १९२५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांनी कृतज्ञतापूर्वक सयाजीराव महाराजांस अर्पण केला. ऋण त्यांनी मान्य केले, पण त्यांच्या विद्येचा लाभ बडोद्याच्या प्रजेस झाला नाही. राज्याने एका माणसाच्या ज्ञानावर खर्च केला आणि त्या ज्ञानास आपल्या राजधानीत एक खोली देणे त्यास साधले नाही. कायदा व खजिना ज्यांच्या आज्ञेत होते त्यांच्या आज्ञेत समाज नव्हता.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कलाभवन नव्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तंत्रशास्त्र शाखेच्या रूपाने समाविष्ट झाले. बँकेचे १९६९ साली राष्ट्रीयीकरण झाले. राजसत्ता गेली, पण तिने उभारलेल्या ज्या संस्थांना स्वतःचा जीव होता त्या उरल्या. शासनाच्या उद्योगधोरणाची कसोटी त्याने किती कारखाने काढले यावर लावण्यापेक्षा, त्याचा हात निघाल्यावर काय चालू राहिले यावर लावणे अधिक न्याय्य ठरेल. या कसोटीवर बडोद्याचे कलाभवन आणि बँक उतरतात. लोकभाषेतील तंत्रशिक्षण उतरत नाही. कारण त्याच्या मागे टिकाऊ संस्था उभी राहिली नाही. रंगाऱ्याच्या मुलास त्याच्या बोलीत रसायनशास्त्र सांगावे, हा १८९० चा संकल्प गुजरातीत काय आणि मराठीत काय, अद्याप पुरा व्हावयाचा आहे.