जात्यापुढं भोंगा कुणी धरला?

तुम्ही राहात्यात, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला उभे आहात. डोळे मिटा; मागं जायचंय ते कानानं. आधी शिर्डीकडं निघालेल्या गाड्यांचे हॉर्न थांबतात. मग मोबाइल, टीव्ही, वरातीचा डीजे. मग विहिरीवरची मोटर, आणि सगळ्यात शेवटी पिठाची गिरणी. गिरणी बंद पडली की घराघरांत दगड फिरायला लागतो. पहाट आहे, साल 1910च्या आसपासचं.

एका घराच्या सोप्यात शिरा. दोघी समोरासमोर बसल्यात, खुंटा एकच, दोघींच्या हातात. मूठभर वैरण पडली की घरघर जड होते, दाणे सरत आले की कोरडी खरखर सुरू होते. ओवी या फेऱ्यांवरच चालते; एकीनं सोडलेली ओळ दुसरी उचलते. भाऊ येतो, लेक येते, विठ्ठल येतो. पुरुष मंडळी झोपलेली आहेत असं धरूनच गातात, म्हणून सासूचाही हिशेब तिथंच चुकता होतो.

इथून शिर्डी पायी तासाभराची. तिथं मशिदीत साईबाबा स्वतः गहू दळायला बसलेत. चार बायका त्यांना बाजूला सारतात, खुंटा धरतात आणि बाबांच्याच लीला गात दळतात. ते पीठ नंतर महामारी आवरावी म्हणून गावच्या शिवेवर टाकलं जातं. गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी ‘श्री साईसच्चरिता’च्या पहिल्याच अध्यायात हे लिहून ठेवलंय, तेही ओवीबद्ध. पण त्या चौघींची चाल? ती गेली. कलकत्त्यात गौहरजानचं गाणं 1902 सालीच तबकडीवर चढलं होतं. शिर्डीच्या जात्यापुढं भोंगा धरावा असं कुणाला वाटलं नाही.

आता पुढं या. 1948 साली पॅरिसमध्ये पिएर शेफर आगगाड्यांचे आवाज जोडून रचना करतो आणि खडखडाटाला संगीत म्हणावं का, यावर वाद पेटतो. तो वाद तिकडंच राहू द्या, आपल्याला नव्वदीच्या दशकात मुळशीत उतरायचंय. पुण्याचे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर गावोगावच्या ओव्या गोळा करताहेत. पुढं ओव्यांचा आकडा लाखाच्या वर जातो. त्यांच्यासोबत बर्नार्ड बेल आहेत, संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात गवयाच्या सुराची हालचाल यंत्रानं मोजण्याच्या कामात ते होते. आता तेच यंत्रवाले कान ओवीकडं लागलेत.

समजा, मायक्रोफोन तुमच्या हातात आहे. दगडाजवळ नेलात तर शब्द बुडतात, तोंडाजवळ नेलात तर फेरा हरवतो. मला विचाराल तर दगड ठेवा. शब्द वहीतही उतरतात. हात दमल्यावर ओळ कशी लांबते, ते टेपशिवाय कळत नाही. आपल्याकडं ओव्यांची पुस्तकं पुष्कळ निघाली, पण त्यातली बहुतेक मुकी आहेत.

त्या वेळचं ध्वनिमुद्रण 2017पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर ऐकायला मिळतं. ते ऐका, आणि घरात ओवी येणारी आजी, आत्या असेल तर याच सुट्टीत तिच्यापुढं फोन ठेवा. जातं असेल तर जात्यावरच बसवा. आधी नाव, गाव, माहेर आणि तारीख बोलून घ्या. आणि मधेच ‘वा वा’ करू नका.