फौजेचें संगीत आणि वाशिमचा सारा

लष्करी बँडचें संचलन म्हटलें म्हणजे शहरांतील माणूस मुलाबाळांसह मैदानाकडे धांव घेतो. संध्याकाळ कलत असते. बांकांवर कुटुंबेंच्या कुटुंबें दाटीनें बसलेलीं असतात. दूरच्या कमानींतून प्रथम ढोलाचा ठोका ऐकूं येतो, मग बॅगपाइपचा चिरका परंतु अंगावर कांटा आणणारा सूर, आणि मग वादकांची रांग एका पावलानें आंत येते. मागाहून घोडेस्वार भरधांव येतात व भाल्याच्या टोंकानें जमिनींतील मेख उपटून नेतात. पोरें टाळ्या पिटतात. या सोहळ्याला युरोपांत ‘टॅटू’ असें नांव आहे.

या नांवाचा गोंदण्याशीं कांहीं संबंध नाहीं. गोंदण्याचा टॅटू पॅसिफिक महासागरांतील बेटांवरून आला. हा आला हॉलंडांतून. सतराव्या शतकांत तेथील गांवांत उतरलेले शिपाई रात्रीं गुत्त्यांत रमत. ठराविक वेळीं ढोल वाजवीत गल्ल्यांतून फेरी निघे, आणि तो ऐकतांच गुत्तेदारानें पिंपाची तोटी बंद करावी असा दंडक असे. ‘तोटी बंद करा’ या डच शब्दांचें इंग्रज शिपायांच्या तोंडीं टॅटू झालें. आपल्या गडकोटांवर तरी निराळें काय होतें? दिवस मावळला कीं दरवाजे मिटत आणि मग ते कोणासाठींही उघडत नसत. हिरकणीची कथा याच शिस्तीवर उभी आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना केवळ शोभेसाठीं बांधलेला नव्हता. नगारा, कर्णा आणि शिंग हें फौजेचें घड्याळही होतें आणि हुकूमही होता.

कामाचें वाजवणें पुढें करमणुकीचें झालें. एडिंबरोच्या किल्ल्यापुढें १९५० पासून टॅटू भरतो. दिल्लीच्या विजय चौकांत २९ जानेवारीच्या संध्याकाळीं तिन्ही दलांचे बँड ‘बीटिंग रिट्रीट’ वाजवितात, तोही याच घराण्यांतला समारंभ. तमाशा पाहणाऱ्याला आपल्या तिकिटाची किंमत ठाऊक असते. फौजेची किंमत कोणी मोजली हें मात्र त्याला सहसा ठाऊक नसतें. ज्या थोड्या मुलखांत या प्रश्नाचें उत्तर कागदोपत्रीं स्वच्छ सांपडतें, त्यांत वाशिमचा मुलूख येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल यानें निजामाच्या नांवावर कवायती पलटणी उभारल्या. त्यांतूनच पुढें ‘हैदराबाद कंटिंजंट’ तयार झाला. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा. पगार तेवढा निजामाचा. अशा व्यवहारांत जें व्हावयाचें तें झालें. पगार थकत गेला, कर्ज चढत गेलें, आणि १८५३ च्या मे महिन्यांत तह होऊन वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख फौजेच्या खर्चापोटीं इंग्रजांच्या ताब्यांत आले. निदान ५,००० पायदळ, २,००० स्वार व ४ तोफखाने ठेवावयाचे असें तहांत ठरलें. १८६० सालीं ५० लाखांचें कर्ज माफ करून धाराशिव व रायचूर परत देण्यांत आले. वऱ्हाड मात्र राहिलें तें राहिलेंच.

वाशिम तेव्हां ‘बासिम’ या नांवानें जिल्ह्याचें ठाणें होतें. वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. (१९०५ सालीं हा जिल्हा मोडला व १ जुलै १९९८ रोजीं वाशिम पुन्हा जिल्हा झाला.) येथील कुणब्यानें ज्वारी-कापूस पिकवावा, पाटलानें सारा वसूल करावा, आणि त्यांतून खडी फौज पोसली जावी, हा क्रम पन्नास वर्षें चालला. गंमत अशी कीं या पलटणींत वऱ्हाडी माणूस फारसा नव्हताच. भरती मुख्यतः उत्तर हिंदुस्थानांतील लोकांची आणि दक्षिणी मुसलमानांची. वाशिमला जवळची छावणी हिंगोलीची, आणि तीही पैनगंगेपलीकडे, निजामाच्या मुलखांत. म्हणजे पैसा येथला, माणसें दुसरीकडचीं, हुकूम तिसऱ्याचा.

असली फौज कोणाविरुद्ध चालेल हें पैसा देणाऱ्याला विचारण्याचें कारणच नव्हतें. १८५८ सालीं सर ह्यू रोज झांशीवर चालून गेला तेव्हां त्याच्या सैन्यांत हैदराबाद कंटिंजंटच्या तुकड्या होत्या. वऱ्हाडच्या साऱ्यावर पोसलेले स्वार राणी लक्ष्मीबाईच्या शहराला वेढा देऊन बसले होते. त्या वर्षीं हप्ता भरणाऱ्या शेतकऱ्याला याची वार्ताही नसेल, आणि असती तरी त्याच्या हातीं काय होतें?

पुढल्याच वर्षीं ती लढाई त्याच्या शिवारांत आली. रिसोडजवळच्या चिंचांबा गांवीं सरकारी लेखांत ‘बंडखोर’ म्हणून नोंदलेली एक टोळी लूट घेऊन उतरली होती. १५ जानेवारी १८५९ रोजीं कंटिंजंटच्या दुसऱ्या रिसाल्याचा कॅप्टन हर्बर्ट क्लॉग्स्टन आपले अवघे आठ स्वार घेऊन तिच्यावर तुटून पडला. टोळीला गांवांत परत शिरणें भाग पडलें, आणि शेवटीं लूट टाकून द्यावी लागली. क्लॉग्स्टन स्वतः जबर जखमी झाला. आठांपैकीं सात स्वार कामास आले. क्लॉग्स्टनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १८६२ च्या मे महिन्यांत तो हिंगोलीस लढाईंतच मारला गेला.

पदकाच्या जाहीरनाम्यांत त्या सात स्वारांचा आंकडा आहे, नांव एकाचेंही नाहीं. एवढें कशाला, तें पदक हिंदी शिपायाला मिळूंच शकत नव्हतें. ती मुभा १९११ सालीं दिल्ली दरबाराच्या वेळीं झाली. मैदानांत भाल्यानें मेख उपटणारा स्वार पाहून आज जी टाळी पडते, त्याच कसबानें चिंचांब्याच्या वेशीवर हीं माणसें मेलीं, आणि तेथें टाळी वाजविणारें कोणी नव्हतें. गांवकऱ्यांना तर दोन्हीकडच्या टापा सारख्याच. पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या सोसलेल्या या प्रांतांत दुरून घोड्यांचा आवाज आला म्हणजे बायकामुलें आडरानांत पळत. मुलाला खांद्यावर घेऊन तो आवाज ऐकावयास जाण्याची चैन फार पुढल्या पिढ्यांची.

१९०२ सालीं लॉर्ड कर्झननें निजाम महबूब अली खान याजकडून वऱ्हाड सालीना २५ लाखांच्या पट्ट्यानें कायमचें घेतलें. निजामास ‘जी. सी. बी.’ हा किताब मिळाला तेव्हां त्याचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा लोकांनीं लावला! १९०३ सालीं कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झाला व ज्या कारणासाठीं मुलूख गहाण पडला होता तें कारणच नाहींसें झालें; मुलूख तेवढा सुटला नाहीं.

पलटणी मात्र नांवें बदलीत जगल्या. पायदळाची १९२२ सालीं १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली व २७ ऑक्टोबर १९४५ रोजीं कुमाऊं रेजिमेंट. तिच्या दुसऱ्या पलटणीच्या नांवापुढें ‘बेरार’ हा शब्द आजही आहे. चौथ्या पलटणींतील मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं काश्मिरांत बडगामला पडले, आणि स्वतंत्र भारताचें पहिलें परमवीरचक्र त्यांचें झालें. येथें पदकावर नांव हिंदी माणसाचें आहे. क्लॉग्स्टनचा रिसाला पुढें ‘डेक्कन हॉर्स’मध्यें मिळाला. त्याच नांवाच्या स्वारांनीं १९१६ च्या जुलैंत फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर भाले रोखून चाल केली, आणि १९६५ च्या सप्टेंबरांत असल उत्तरच्या शेतांत घोड्यांच्या जागीं रणगाडे आणले.

हिमालयाच्या कुशींत रानीखेत येथें कुमाऊं रेजिमेंटचें केंद्र आहे. तेथील कवायतीच्या मैदानाला मेजर शर्मांचें नांव आहे. नवे जवान शपथ घेऊन बाहेर पडतात त्या दिवशीं त्यांचे आईबाप दूरदूरच्या खेड्यांतून येऊन कडेला बसतात, ढोल आणि पाइप वाजूं लागतात, आणि प्रत्येक आई त्या सारख्या दिसणाऱ्या रांगेंतून आपला मुलगा शोधीत असते.